कांद्याची पात मधूनच मोडत असेल, तर करप्याचं औषध मारण्याआधी पहाटे शेतात जा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. लोणंदजवळ नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात तुमचा दोन एकर गरवा कांदा आहे. लागण होऊन 65 दिवस झालेत. मधल्या काळात दहा-बारा दिवस आभाळ, धुकं आणि गारठा राहिला. त्यानंतर पातीवर फिकट, लांबट डाग आले आणि आता पात मधूनच मोडून लोंबकळतेय. करपा, म्हणजे पात वाळवणारा बुरशीचा रोग, समजून कार्बेन्डाझिम आणि हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकांच्या मिळून तीन फवारण्या झाल्या, फरक शून्य. शेजारचे म्हणतात रोटर फिरवून पीक मोडा. तुम्हाला रोग कुठला ते हवंय, कांदा ठेवायचा का मोडायचा ते हवंय, काढल्यावर साठवणीच्या चाळीत टिकेल का ही काळजी आहे, आणि बांधालगतच्या बियाण्याच्या प्लॉटमधून हे आलं का असाही संशय आहे.

रोटर आणू नका. तुमच्या वर्णनावरून हा करपा नाही, डाऊनी मिल्ड्यू वाटतो. मराठीत याला केवडा म्हणतात, पण भेंडीची पानं पिवळी करणाऱ्या विषाणूलाही आपण केवडाच म्हणतो आणि बाजरीच्या गोसावी रोगालाही केवडा म्हणतो. तीन वेगळे रोग, नाव एक. त्या गोंधळापेक्षा आपल्या द्राक्षवाल्यांचा शब्द बरा: डाऊनी.

‘वाटतो’ म्हणालो, कारण शेतात न जाता मी छातीठोक सांगणार नाही. खात्री तुम्हीच करायची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. उद्या सूर्य उगवायच्या आधी, दहिवर पातीवर असतानाच, बॅटरी घेऊन प्लॉटमध्ये जा. मेलेली, वाळलेली पात बघू नका. ज्या पातीवर डाग नुकताच फिकट पडलाय, म्हणजे हिरव्यातच थोडा पांढुरका-पिवळट लंबगोल दिसतोय, ती निवडा. बॅटरीचा उजेड आडवा टाका. डाऊनी असेल तर त्या डागावर करडी, जांभळट झाक असलेली मखमलीसारखी लव दिसते. अंगठा फिरवला की राख लागल्यासारखी बोटाला येते. नऊ-दहा वाजता ऊन चढलं, हवा सुकली की ही लव विरते आणि मागे फक्त फिकट डाग राहतो. दिवसा येणाऱ्या माणसाला तो करप्यासारखाच दिसतो.

हीच चूक मी माझ्या सुरुवातीच्या काळात केली आहे. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याच्या कांद्यात मी भर अकरा वाजता गेलो, डाग बघितले, करपा म्हणून औषध लिहून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच लिहून दिलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या आईने सांगितलं, “सकाळी पात निसायला गेलं की हाताला जांभळं लागतंय.” तेव्हा मी पहाटे गेलो. तोवर निम्मा प्लॉट बसला होता. त्या माऊलीचं वाक्य मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून ढगाळ आठवड्यात कांदा बघायचा तर मी अंधारातच निघतो.

पहाटे लव दिसली नाही तर आणखी एक उपाय आहे. ताज्या डागाची पात तोडा, ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकण लावा आणि रात्रभर घरातल्या गार जागी ठेवा. सकाळपर्यंत डागावर करडी-जांभळी लव आली, तर शंका उरत नाही.

आता तीन फवारण्या वाया का गेल्या ते सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. डाऊनीचा जीव पेरोनोस्पोरा डिस्ट्रक्टर. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. वेगळ्या कुळातला, पाण्याशी नातं असलेला जीव आहे. त्यामुळे बुरशीची बरीचशी औषधं त्याला लागूच पडत नाहीत. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही औषधं बुरशीच्या शरीरातला एक ठरावीक घटक तयार होऊ देत नाहीत. हा जीव तो घटक स्वतः तयारच करत नाही, मग औषध अडवणार काय? कार्बेन्डाझिमचंही तसंच, डाऊनीवर त्याचा उपयोग नाही. तुमची मात्रा कमी पडली नाही, फवारणीही चुकली नाही. औषधच दुसऱ्या रोगाचं होतं.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. भुरीचं (पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगाचं) औषध वेगळं, डाऊनीचं वेगळं, हे त्याला पाठ आहे. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर द्राक्षात डाऊनीने जे केलं, त्यानंतर तर कुणी विसरणं शक्य नाही. पण तोच माणूस बागेतून बाहेर पडून कांद्याच्या वाफ्यात उतरला, की पातीवरचा कुठलाही डाग त्याच्यासाठी ‘करपा’ होतो. एक शंका मात्र मला नेहमी विचारली जाते म्हणून सांगतो: द्राक्षावरची डाऊनी कांद्यावर येत नाही आणि कांद्याची द्राक्षावर जात नाही. दोन्ही जीव वेगळे आहेत, फक्त एका गोत्रातले. त्यामुळे औषधं बरीचशी सारखी चालतात.

करपा कसा ओळखायचा तेही सांगतो, कारण तुमच्या प्लॉटमध्ये कदाचित दोन्ही असतील. जांभळ्या करप्यात आधी बारीक, पांढुरके, खोलगट ठिपके येतात, मग त्यांचा मध्यभाग जांभळा होतो, कडेला पिवळी किनार येते आणि आत एकात एक वर्तुळं दिसतात. तपकिरी करप्यात पातीच्या एका बाजूला पिवळसर-नारिंगी ठिपके आणि रेषा पडून पात शेंड्याकडे वाळत जाते. काळा करपा आणि पातीला पीळ पडणं हे मुख्यतः पावसाळ्यातलं दुखणं. चांदीसारखे पांढरे ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे. आणि सगळ्या प्लॉटचे शेंडेच सारखे वाळत असतील तर रोगापेक्षा पाणी, खारटपणा किंवा अन्नद्रव्याकडे आधी बघा. डाऊनीचा डाग सुरुवातीला रंगहीन असतो, त्याला किनार नसते, आणि पात डागाच्या जागीच मोडते. मोडलेल्या मेल्या भागावर पुढे करप्याच्या बुरशी येऊन बसतात आणि तो काळा-तपकिरी होतो. मग बघणारा म्हणतो, बघा, करपाच आहे. असतोच, पण तो मागून आलेला असतो.

हा रोग आपल्याकडे दरवर्षी येत नाही, म्हणूनच ओळखीचा नाही. त्याला गारवा लागतो. रात्री हवा अगदी दमट, पारा साधारण 10 ते 15 अंशांच्या आसपास, आणि दिवसही फारसा न तापलेला, असं असेल तर तो रात्रीत डागावर बीजाणू तयार करतो. सकाळी हवा सुकायला लागली की ते सुटून वाऱ्यावर जातात. दुसऱ्या पातीवर पडून रुजायला पातीवर काही तास सलग पाणी हवं, आणि ते दहिवर पुरवतं. पात ओली असताना आत शिरलेला रोग नऊ ते सोळा दिवसांनी डाग म्हणून बाहेर येतो. दुपारचा पारा 25 च्या पुढे गेला की पुढच्या रात्रीचं बीजाणू बनवणं मंदावतं. आपल्या माणदेशाकडचं, खटाव-आटपाडीकडचं जानेवारीतलं दुपारचं ऊन एरवी त्याला वर डोकं काढू देत नाही. आभाळ आलं, धुकं दहा वाजेपर्यंत हललं नाही, असे तीन-चार दिवस सलग मिळाले की मात्र त्याचं फावतं.

या हिशेबाचा तुम्हाला थेट उपयोग आहे. आज जे डाग दिसतायत ते दोन आठवड्यांपूर्वीच्या ओल्या सकाळींचे आहेत. आणि या आठवड्यात पात ओली राहिली असेल तर त्याचे डाग अजून पोटात आहेत. म्हणून औषध मारल्यावर चार दिवसांनी नवे डाग दिसले की ‘हेही फेल गेलं’ असं म्हणू नका. एका पातीवर दोरा बांधून ठेवा. ती बारा-पंधरा दिवस बघा. जुना डाग परत हिरवा होत नाही, होणारही नाही. गाभ्यातून येणारी नवी पात स्वच्छ आहे का, एवढाच निकष धरा.

आता करायचं काय. सर्वांत आधी पाणी. तुम्ही तुषार सिंचनावर आहात आणि रात्रपाळीची वीज असते त्या आठवड्यात रात्रभर तुषार चालू असतो, असं तुम्ही लिहिलंय. हे आजच थांबवा. दहिवराने जेवढे तास पात ओली राहते, त्यात आपण रात्रभराची भर घालतोय. दिवसाची वीज असेल तेव्हा दहिवर उडाल्यावर, साधारण दहा वाजता सुरू करून तीनच्या आत बंद करा, म्हणजे अंधार पडायच्या आत पात कोरडी होते. रात्रीच्या आठवड्यात शक्य असेल तर पाटाने हलकं पाणी द्या. पुढच्या वर्षी मात्र बेडवर ठिबकचा विचार करा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दोन फवारण्यांनी पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, युरिया बंद. कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र पुरतं. त्यातलं निम्मं लागणीला आणि उरलेलं 30 आणि 45 दिवसांनी दोन हप्त्यांत, अशी शिफारस आहे. 60 दिवसांनंतर नत्र दिलं की पात लुसलुशीत होते, मान जाड राहते आणि कांदा चाळीत टिकत नाही. रोग पडलेला बघून ‘पात उभारी घेईल’ म्हणून युरिया टाकणारे मी खूप बघितलेत. तुम्ही टाकू नका.

मग औषध. पहिली फवारणी आत शिरणाऱ्या आणि वर राहणाऱ्या औषधाच्या जोडीची घ्या: मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब लिटरला 2.5 ग्रॅम, किंवा सायमोक्झॅनिल अधिक मॅन्कोझेब लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम. दोन्हींपैकी एकच. आठ-दहा दिवसांनी नुसतं मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 35 ते 40 ग्रॅम. त्यानंतरही गारठा आणि आभाळ राहिलं तर वरच्या दोन जोड्यांपैकी राहिलेली जोडी, पहिल्याची पुनरावृत्ती नको. आत शिरणारं औषध सगळ्या हंगामात दोनदापेक्षा जास्त वापरू नका. मेटॅलॅक्झिलसारख्या औषधाला हा जीव फार लवकर सरावतो, द्राक्षात आपण ते भोगलंय. मॅन्कोझेब करप्यावरही चालतं, त्यामुळे मागून आलेल्या करप्याचाही त्यात बंदोबस्त होतो. खरेदी करताना लेबलवर कांदा पीक लिहिलेलं आहे का, मात्रा किती आहे आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं आहे, हे दुकानातच वाचून घ्या. मी लिहिलेल्या मात्रेत आणि लेबलच्या मात्रेत फरक असेल तर लेबल खरं धरा. अडचण वाटली तर सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे पातीचा नमुना घेऊन जा.

औषधाइतकंच फवारणीचं तंत्र महत्त्वाचं आहे, आणि कांद्यात तर जास्तच. पात उभी, गोल आणि मेणचट. पाणी तिच्यावर थांबत नाही, मोत्यासारखं घरंगळतं. म्हणून चिकट द्रव्य लिटरला अर्धा ते एक मिली घातलंच पाहिजे. पण जास्त नको आणि त्याऐवजी कपड्याचा साबण तर मुळीच नको. पातीवरचं मेण उतरलं की रोगाला दार उघडं. एकरी 200 लिटरच्या आसपास पाणी लागतं. दहा पंपांत दोन एकर उरकले तर फवारणी झाली असं समजू नका. दहिवर उडाल्यावर सुरू करा आणि चारच्या आत संपवा, म्हणजे औषध सुकून रात्रीच्या ओलीआधी पातीवर बसलेलं असेल. आणि एका टाकीत बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक, विद्राव्य खत असं सगळं एकत्र करू नका. मागच्या फवारणीत तुम्ही चार वस्तू मिसळल्या होत्या असं लिहिलंय. शेंडे जळालेले दिसतात त्यातले काही त्याचे असतील. फुलकिडे असतील तर त्यांचं औषध वेगळ्या दिवशी घ्या, पण घ्या, कारण त्यांनी ओरखडलेल्या पातीत करपा सहज शिरतो.

ट्रायकोडर्माचं विचारलंत. जमिनीतल्या मर-मूळकुजीसाठी ते चांगलं आहे, मी रोपवाटिकेत आवर्जून वापरायला सांगतो. पातीवर आलेल्या डाऊनीसाठी मात्र त्याच्या भरवशावर बसू नका.

प्लॉटमध्ये एक चक्कर अशी मारा की रोग कुठून सुरू झाला ते कळेल. तो सगळीकडे एकदम येत नाही. आधी दोन-चार मीटरचे ठिगळ दिसतात, बहुतेक वेळा सखल जागी, झाडाच्या सावलीला, नाहीतर उसाच्या फडाच्या पश्चिमेला, जिथे सकाळचं ऊन उशिरा पोचतं आणि पात सगळ्यात शेवटी सुकते. तिथून वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकतो. ही ठिगळं खुंट्या मारून ठेवा, काढणीला उपयोगी पडतील. रोगट पात हाताने तोडत ओल्या प्लॉटमध्ये फिरू नका, त्याने फायदा काही नाही. फवारलेली पात जनावरांपुढेही टाकू नका.

ठेवायचा का मोडायचा? ठेवा. गरवा कांदा लागणीपासून 110 ते 120 दिवस घेतो, तुमच्या हातात अजून दीड महिन्याच्या वर आहे. या वयात गड्डा भरायला सुरुवात होते आणि गाभ्यातून अजून काही पाती निघतील. फेब्रुवारीत दुपारी ऊन तापायला लागलं की रोगाचा जोर आपोआप ओसरतो. तोवर झाडामागे पाच-सहा पाती हिरव्या राखता आल्या तर कांदा बनेल. आकार एखादा नंबर कमी निघेल, ते मी लपवत नाही. ज्या ठिगळात झाडाला दोनच पाती उरल्यात तिथे गोल्टीच, म्हणजे बारीक कांदाच, निघेल, तिच्यावर जास्त खर्च करू नका.

आता चाळ. इथे फार सावध राहायला हवं. रोगाने पात अकाली गेलेला कांदा मऊ राहतो, मान नीट मिटत नाही आणि चाळीत लवकर कोंब येतात. तुमच्या नजरेला फसवणारी गोष्ट अशी की, पात पडलेली बघून माणूस ‘माना पडल्या’ म्हणतो आणि काढणीला लागतो. पक्व कांद्याची पात मानेतून, अगदी गड्ड्याच्या वर आडवी पडते. रोगट पात मधूनच मोडते आणि मान ताठच असते. निम्म्या माना खऱ्या अर्थाने पडल्यावरच काढा. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडा. काढल्यावर तीन दिवस शेतातच पातीने कांदा झाकला जाईल असा ओळीने पसरा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. खुंट्या मारलेल्या ठिगळातला माल वेगळा काढा आणि सरळ लोणंदच्या बाजारात न्या, भाव मनासारखा नसला तरी. तो चाळीत घातला तर कुजताना शेजारच्या चांगल्या कांद्यालाही खराब करतो. राहिलेला निरोगी माल चाळीत भरायला हरकत नाही, पण पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा हात घालून बघा.

काढणीनंतरचा पाचोळा, सडके कांदे बांधावर टाकायची आपल्याकडे सवय आहे. तो ढीग पुढच्या हंगामाचं बेणं असतं. खड्ड्यात पुरा. या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं तग धरतात, म्हणून त्या दोन एकरांत तीन-चार वर्षं कांदा, लसूण दोन्ही नको. ज्वारी, गहू, हरभरा, सोयाबीन काहीही घ्या. मागच्या वर्षीचे राहिलेले कांदे आपोआप उगवून येतात ते दिसतील तिथे उपटा. नवी लागण 15 बाय 10 सेंटिमीटरवरच करा. रोप जास्त झालं म्हणून दाटी केली की आत वारा खेळत नाही. जात कुठली घ्यावी असं विचाराल, तर आपल्याकडच्या भीमा शक्ती, भीमा किरण, एन-2-4-1 या रब्बीच्या चांगल्या जाती आहेत, पण डाऊनीला दाद देणार नाही असं त्यांच्यापैकी कुठल्याही जातीबद्दल मी म्हणणार नाही. रॉयली नावाच्या जंगली कांद्यातला प्रतिकार घेऊन युरोपात जाती तयार झाल्या आहेत, पण त्या तिथल्या लांब दिवसांत गड्डा धरणाऱ्या, आपल्या हिवाळ्यात त्यांचा गड्डा धरणार नाही.

शेवटी शेजारचा बियाण्याचा प्लॉट. तुमचा संशय रास्त आहे. हा रोग एका हंगामातून दुसऱ्यात जाण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे कांद्याचा गड्डा. रोगट प्लॉटमधला कांदा वरून चांगला दिसतो, गोट म्हणून बियाण्याला लावला जातो, आणि त्यातून येणारी पात सुरुवातीपासूनच फिकट, खुरटी, वेडीवाकडी निघते. थंडीत तीच आसपासच्या कांद्याला बीजाणू पुरवते. डेंगळ्यावरही, म्हणजे कांद्याच्या फुलाच्या दांड्यावरही, हा रोग येतो. दांड्याला एका बाजूने फिकट लांब चट्टा पडतो, गोंड्याच्या वजनाने दांडा तिथेच मोडतो आणि बी पोचट राहतं, म्हणजे त्यांचंही नुकसान तुमच्याइतकंच आहे. तेव्हा तुमच्यामुळे झालं असं म्हणत जाऊ नका. कदाचित तुमच्याकडूनच तिकडे गेलं असेल, वारा दोन्हीकडे वाहतो. पहाटे बॅटरी घेऊन जाल तेव्हा त्यांनाही हाक मारा. आधी तुमच्या पातीवर अंगठा फिरवा, मग त्यांच्या डेंगळ्यावर. फिकट, खुरटी झाडं असतील तर ती मुळासकट काढून पुरायला त्यांना सांगा आणि पहिली फवारणी दोघांनी एकाच दिवशी घ्या. आणि तुमच्या या वर्षीच्या कांद्यातला एकही गोट बियाण्यासाठी ठेवू नका, कितीही मोठा आणि देखणा निघाला तरी.